आजीला संदेश नको, मजुरी विचारा

दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणाव्यात, असा साधा प्रस्ताव आमच्या भागातल्या एका शाळेत आला आणि पालकसभेत त्यावर दोन तास जुंपली. एका बाजूचं म्हणणं असं, की नव्या पिढीला संस्कार हवेत, मोबाइलमध्ये खुपसलेली डोकी जरा आजी-आजोबांकडे वळतील, घरात बोलणं वाढेल. दुसरी बाजू म्हणाली, म्हातारी माणसं काहीही सांगतात, त्याला इतिहास म्हणत नाहीत. आणि दहावी तोंडावर असताना पोरांच्या मागे हे खूळ कशाला? मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. ऐकता ऐकता लक्षात आलं, की म्हाताऱ्या माणसांशी दोघांनाही फारसं देणंघेणं नाही. पहिल्यांना त्यांच्या तोंडून सुविचार हवे आहेत आणि दुसऱ्यांना सनावळी. दोन्ही गोष्टी बाजारात छापील मिळतात, त्यासाठी कोणाच्या ओसरीवर जायची गरज नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा उपक्रम व्हायला हवा, पण सभेत सांगितलेल्या एकाही कारणासाठी नाही. म्हातारी माणसं शहाणी असतात म्हणून त्यांचं ऐकावं, हे मला पटत नाही. काही असतात, काही नसतात. वयाबरोबर शहाणपण आपोआप येत असतं, तर विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या नसत्या. त्यांचं बोलणं नोंदवायचं ते साक्ष म्हणून. साक्षीदार पूज्य असावा लागत नाही, त्याने ती गोष्ट पाहिलेली असावी लागते. साक्ष ऐकायची, तपासायची, दुसरीशी ताडून पाहायची, आणि तरीही सांगणाऱ्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, हे चौदाव्या वर्षी जमू लागलं, तर तेच मूल उद्या व्हॉट्सॲपवर आलेल्या इतिहासालाही ‘हे पाहिलं कोणी?’ असं विचारेल. संस्काराचा मुद्दा मांडणाऱ्यांपैकी काहींना नेमकं तेच नको असेल, अशी मला शंका आहे.

गंमत म्हणजे हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच. इतिहासाची साधने तीन: भौतिक, लिखित आणि मौखिक. मौखिकमध्ये ओव्या, लोकगीतं, पोवाडे, कथा. मुलं हे पाठ करतात, ‘टीप लिहा’ म्हणून आलं की दोन गुणांपुरतं लिहितात आणि घरी येतात. घरी मौखिक साधन ऐकू कमी येतं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवून बसलेलं असतं.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आठवणीच्या कच्चेपणाचा, आणि तो खरा आहे. माणूस सन विसरतो, दोन घटनांची एक करतो, जिथे नव्हता तिथे स्वतःला नेऊन उभं करतो. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या दर दुसऱ्या माणसाने यशवंतराव चव्हाणांना हाताच्या अंतरावरून पाहिलेलं असतं. माझी आत्या बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. साल विचारलं की ती कधी एकाहत्तर म्हणते, कधी चौऱ्याहत्तर. पण धाकटं पोर तेव्हा कडेवर होतं हे तिला पक्कं आठवतं. खडी ब्रासवर मोजली जायची हे आठवतं, आठवड्याची मजुरी पैशापर्यंत आठवते, मुकादम कोणाच्या नावापुढे खाडा मांडायचा आणि कोणाच्या नाही, हे तर नावानिशी आठवतं. मिलो या परदेशी ज्वारीच्या भाकरीचा रंग सांगताना तिचा चेहरा आजही वाकडा होतो. आठवण सालाच्या बाबतीत कच्ची असते. रोजच्या कामाच्या, बाजारभावाच्या, पायी तुडवलेल्या अंतराच्या बाबतीत ती चांगली पक्की असते. सरकारी अहवालात कामावर किती मजूर होते हा आकडा सापडतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हेही पुस्तकात सापडतं. खाडा कोणाला लागायचा, हे कुठल्या पुस्तकात सापडेल? आणि साल हवंच असेल, तर आत्याच्या धाकट्या पोराच्या वयाशी ताडून ते काढता येतं. तेवढी बेरीज-वजाबाकी नववीच्या मुलाला यायला हरकत नाही.

शिवाय आठवणीतली चूकही फुकट जात नाही. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं शहर आहे. तिथे १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालचा, कारखान्यातल्या नोकरकपातीविरुद्धच्या दंगलीतला म्हणून सांगितला. नुसता कागद धरून बसला असता, तर पोर्तेल्लीने त्या मुलाखती केराच्या टोपलीत टाकल्या असत्या. त्याने उलट विचारलं, एवढ्या माणसांची चूक एकाच दिशेने का व्हावी? सोबती मेला आणि आपण गप्प बसलो ही सल १९४९ मध्ये मावत नव्हती. रस्त्यावरची लढाई झाली १९५३ मध्ये, म्हणून लोकांनी मृत्यूच उचलून तिथे नेला. पोलिसांच्या नोंदीत तारीख बरोबर आहे, आणि ही सल मात्र कुठेच नाही.

आणि ज्या कागदाच्या भरवशावर आठवणीला नापास करायचं, तो कागद तरी कुठला हरिश्चंद्र? आत्याच्या त्या धाकट्या पोराची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण नाव घालायला आलेल्या पोराचं वय गुरुजींनी अंदाजाने ठरवलं आणि सोयीची तारीख टाकली. जे शाळेच्या वाटेलाच गेले नाहीत, त्यांना आधार कार्डाने १ जानेवारीला जन्माला घातलं. जन्मभर जी बाई शेत कसते, तिचं नाव सातबाऱ्यावर नवरा गेल्यावर चढलं तर चढतं. लग्नात जिचं नावच बदललं, ती कागदोपत्री थेट मांडवातच जन्मते. त्याआधीची तिची पंधरा-सोळा वर्षं फक्त तिच्या आणि तिच्या भावंडांच्या तोंडी उरलेली असतात. कागद आणि आठवण दोन्ही खोटं बोलतात, पण वेगवेगळ्या कारणांनी बोलतात, आणि म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवायचं असतं.

मराठीत हे नवं नाही. ज्याला आपण मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणतो, ते ‘लीळाचरित्र’ म्हणजे दुसरं काय आहे? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या अनुयायाने, म्हाइंभटाने, स्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून विचारलं: तुमच्यासमोर काय घडलं, स्वामी काय बोलले? ऐकलेलं पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांसमोर ठेवून त्याची खातरजमा केली. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली, अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, साहजिकच पाठांत फरक पडले. आणि अमक्याच्या सांगण्यात असं आहे, तमक्याच्या सांगण्यात तसं, या फरकांच्या नोंदीही त्या परंपरेने सांभाळल्या. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या भाविकांना स्मरणशक्ती फसवी असते हे कळत नव्हतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने या नोंदी पाहाव्यात. यादवांच्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत राजांची बिरुदं आणि दान दिलेली गावं आहेत. त्या काळी साधी माणसं काय खात, कशी चिडत, कोणत्या शब्दांत भांडत, हे कळतं ते म्हाइंभटाने विचारलं म्हणून. सभासदाची बखर तरी कशी झाली? शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतला एक कारभारी, महाराज गेल्यानंतर काही वर्षांनी, जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, पाहिलेलं आणि ऐकलेलं आठवून लिहितो. तिच्यातल्या चुका इतिहासकारांनी काढल्या, पण म्हणून तिला कोणी अडगळीत टाकलं नाही.

इथे इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं नाव निघणार, सभेतही निघालं. अस्सल कागद असल्याशिवाय बोलू नये, हा त्यांचा दंडक. बखरींवर त्यांनी कडक टीका केली हे खरंच. पण राजवाड्यांनी आयुष्यभर केलं काय? गावोगाव, वाड्या-वाड्यांतून वणवण केली. लोक ज्याला रद्दी समजत होते, ती पाण्यात, चुलीत किंवा वाण्याच्या पुड्यांत जायच्या आत मागून आणली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे ते खंड बावीस झाले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कागदालाही अशीच नाकं मुरडली जात होती. राजवाड्यांकडून कागदाची पूजा तेवढी उचलायची आणि पायपीट सोडून द्यायची, हा फारच सोयीचा वारसा झाला. आणि आणखी एक साधी गोष्ट आहे. दप्तर वाड्यात असतं. ज्यांना वाडा नव्हता, त्यांच्या घरात राजवाडे स्वतः गेले असते तरी त्यांना काय मिळालं असतं? चूल, जातं आणि बोलणारी माणसं.

जात्याचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी खेड्यांतल्या बायकांच्याच मदतीने जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाच्या वर गेल्या. पिठाची गिरणी गावात आली तसं जातं थांबलं होतं, आणि जातं थांबलं की ओवीही थांबते, कारण ती नुसती बसून आठवत नाही, हात फिरावा लागतो. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचंही तसंच. सभांना, सत्याग्रहांना त्या होत्या, पण लिखित इतिहासात जवळजवळ नव्हत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्यांना शोधत घरोघर गेल्या, मुलाखती घेतल्या, आणि १९८९ साली त्याचं पुस्तक झालं, म्हणून आज निदान नावं तरी आपल्याला माहीत आहेत. दहा वर्षं उशीर झाला असता तर?

आता दुसरा आक्षेप, जो मला आठवणीच्या मुद्द्यापेक्षा अवघड वाटतो: शाळेत गेलेल्या चांगल्या कल्पनेचा प्रकल्प होतो. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आहे. त्यात ही भर. मग एक छापील प्रश्नावली येते, पालक रात्री बसून उत्तरं लिहितात, वहीला कोपऱ्यातून वेलबुट्टी निघते, आणि आजोबांनी मुलाखतीत ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर मार्गदर्शन केलेलं असतं. महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आले आहेत, तिथेही हेच होण्याचा धोका आहे. हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच काम लहान करा असं माझं म्हणणं आहे. एका मुलाने एकाच माणसाकडे दोनदा जावं. पहिल्यांदा नुसतं बसावं, फोन खिशात ठेवून. दुसऱ्यांदा पंखा बंद करून अर्धा तास रेकॉर्ड करावं. त्यातली दहा मिनिटं जशी बोलली गेली तशी, ‘न’चा ‘ण’ किंवा ‘ण’चा ‘न’ न करता, कागदावर उतरवावीत. ज्याने हे कधी केलं नाही त्याला वाटतं सोपं आहे. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. पण ते करताना मुलाला पहिल्यांदा कळतं, की माणूस बोलताना कुठे थांबतो, काय टाळतो, आणि आपण मध्येच प्रश्न विचारून एक चांगली गोष्ट कशी मारून टाकली. शेवटी एक तपासणी: ऐकलेल्यातलं एक विधान घ्यायचं आणि ते दुसऱ्या कोणाकडून, नाहीतर जुन्या कागदावरून, पडताळायचं. एवढंच. हजार शाळांच्या उद्घाटनाचे फ्लेक्स नकोत.

प्रश्न कोणते, यावर सगळं आहे. ‘तुमच्या काळी जीवन कसं होतं?’ असं विचारलं की म्हातारा माणूस बिचारा जे ऐकायला आवडेल ते सांगतो: आमच्या काळी तूप शुद्ध होतं, माणसं प्रेमळ होती. ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ हा तर निव्वळ अत्याचार आहे, तो सत्कारमूर्तींसाठी राखून ठेवावा. त्यापेक्षा विचारावं, पहिली कमाई किती आणि ती कोणाच्या हातात दिली? बाळंतपणात कोण होतं? पाणी कुठून आणायच्या, आणि त्या विहिरीवर कोणाला जाता येत नव्हतं? पहिल्यांदा एसटीत कधी बसलात, कुठे निघाला होतात? सालं आठवत नसतील तर घटनेला टांगावीत: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा थोरला कितवीत होता. लातूर-उस्मानाबादकडे १९९३ म्हणून कोणी सांगत नाही. विसर्जनाची रात्र होती, असं सांगतात, आणि ३० सप्टेंबरची पहाट आपोआप हाती येते.

आता तिसरी गोष्ट, जी सभेत कोणीच काढली नाही. विचारणार कोण आणि कोणाला? १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेत एका सरकारी योजनेतून, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती झाल्या. चार्ल्सटन शहरातल्या एकाच वृद्धेकडे एकदा गोरी बाई गेली आणि एकदा कृष्णवर्णीय मुलाखतकार गेला. गोऱ्या बाईला तिने मालक भला असल्याचं सांगितलं. दुसऱ्याला सांगितले फटके आणि विकून ताटातूट केलेली माणसं. बाई खोटारडी होती का? ती चौकस होती. समोर कोण बसलंय हे तिने पाहिलं. आता आपल्या गावात बागायतदाराचा मुलगा त्याच्याच शेतावर राबलेल्या म्हाताऱ्याला विचारायला गेला, तर काय ऐकून येईल? ‘तुमचे आजोबा लई चांगले होते.’ मराठवाड्यातल्या मुलांना १७ सप्टेंबर १९४८ बद्दल, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या दिवसाबद्दल विचारायला पाठवलं, तर निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम ऐकायला मिळेल, आणि तो खराच आहे. पण त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, याच्या चौकशीचा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. ते सांगणाऱ्या घरात मुलाला कोण पाठवेल? त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेलंय. इथे विरोधक म्हणतील, पाहा, जुन्या जखमा उकरायचं काम पोरांच्या हाती देताय. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. कोणत्याही प्रश्नाला ‘नको’ म्हणायचा हक्क सांगणाऱ्याला आहे हे आधी सांगणं, रेकॉर्ड केलेलं त्यालाच परत ऐकवणं, तो म्हणेल ते पुसणं, शेजारपाजारची नावं गाळणं, हे शिकवल्याशिवाय एकही मूल पाठवू नये. पण जखम उघडू नये म्हणून जखमच नव्हती असं मुलांना शिकवायचं, हा उपाय आपण सत्तर वर्षं करून पाहिलाय. त्याने कोण बरं झालं?

सभेच्या शेवटी मुख्याध्यापकांनी दहा नावांची यादी वाचली. निवृत्त शिक्षक तीन, माजी सरपंच दोन, कीर्तनकार एक, माजी सैनिक एक, डॉक्टर एक, आणि दोन प्रगतिशील शेतकरी. दहाच्या दहा पुरुष, आणि दहाही जणांचं म्हणणं गाव गेली चाळीस वर्षं माइकवरून ऐकत आलंय. मी एक नाव सुचवलं. गावाच्या कडेला राहणारी, वीस-बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेली एक बाई. उचल कशी मिळायची, ती फिटायची की नाही, कोपीत लेकरं कोणाच्या भरवशावर टाकून ती फडात उतरायची, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? थोडी कुजबुज झाली, मग नाव लिहून घेतलं गेलं, यादीच्या तळाशी, पेन्सिलीने.

दुसऱ्या दिवशी मीच तिला विचारायला गेले. शाळेतली पोरगी येईल, फोनमध्ये बोलणं भरून घेईल, नको वाटलं तर सांगू नका, सगळं सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, यानं पगार तर बंद होणार नाही? पगार म्हणजे श्रावणबाळ या निराधार वृद्धांच्या सरकारी योजनेतले महिन्याचे दीड हजार. तिच्या दारात फोन आणि प्रश्न घेऊन आलेला प्रत्येक माणूस आजवर काहीतरी द्यायला नाहीतर कापायलाच आलेला आहे. पगाराला पासष्टची अट, आणि तिचं कागदावरचं वय कोणीतरी कधीतरी अंदाजानेच लिहिलेलं. मी म्हटलं, नाही, याचा पगाराशी काही संबंध नाही. तिला ते पुरतं पटलं असावं असं वाटलं नाही. शेळीचं दावं सोडवत ती म्हणाली, “मंग तेवढं वय नको विचारायला लावू, बाई. बाकी काय बी इचारा म्हणावं. पर सांजच्याला धाड तिला, सकाळी मी रानात असते.”